लुकातच्या खाऱ्या तळ्यावर विंडसर्फिंग: वारा, काठ आणि फिनचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे पुण्याचे, सध्या नोकरीनिमित्त तुलूझला. गोव्यात दोना पावलाला विंडसर्फिंग शिकलेत. हार्नेस (शिडाचा ओढा अंगावर घेणारा पट्टा) वापरता येतो, बीचस्टार्ट (उथळ पाण्यात उभं राहून बोर्डवर चढणं) जमतो, वॉटरस्टार्ट (खोल पाण्यात तरंगत असताना शिडाच्या ओढीने बोर्डवर चढणं) दहापैकी तीनदा होतो. वजन ७८ किलो. दक्षिण फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राला लागून लुकातचं खारं तळं आहे आणि तिथे पाणी कमरेइतकंच असल्याने नवशिक्याला धोका नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. कधी जावं, कोणत्या काठावरून उतरावं, कुठलं सामान घ्यावं?

आधी त्या ‘कमरेइतक्या पाण्या’बद्दल. तळं सुमारे ५४ चौरस किलोमीटर आहे, उत्तर-दक्षिण जवळजवळ १४ किलोमीटर लांब. सरासरी खोली पावणेदोन-दोन मीटर, सगळ्यात खोल जागी साडेतीन मीटरच्या थोडं वर. म्हणजे काठालगतच्या रुंद पट्ट्यात उभं राहता येतं, मधल्या बऱ्याच भागात पाय टेकत नाहीत. आणि जिथे टेकतात, तिथल्या अडचणी वेगळ्या आहेत. उथळ पाण्यात बुडायची भीती कमी, पण फिन (बोर्डच्या शेपटाखालचं पातं) तळाला लागून बोर्ड जागच्या जागी थांबण्याची आणि तुम्ही मास्टसकट (शिडाच्या खांबासकट) पुढे फेकले जाण्याची शक्यता जास्त. घोटे, गुडघे, खांदे इथे जातात ते असेच. त्यात वारा गोव्याचा नाही. दोना पावलाला फेब्रुवारी ते मे दुपारी जो खारा वारा सुटतो, तो १२-१५ नॉट (ताशी सागरी मैल), एकसारखा, संध्याकाळी शहाण्यासारखा पडणारा. लुकातचा मुख्य वारा एका झोतात २० आणि पुढच्याच झोतात ३२ नॉट असू शकतो. तेव्हा खोलीपेक्षा आधी वारा आणि काठ समजून घ्या.

तळ्याची रचना डोळ्यासमोर आणा. पूर्वेला वाळूचा एक अरुंद, लांबलचक पट्टा. त्याच्या पलीकडे समुद्र. या पट्ट्याला तिथे लीदो म्हणतात. त्यावर उत्तरेकडून पोर लुकात आणि मग पोर बारकारेस ही सुट्टीची गावं. १९६३ पासून फ्रेंच सरकारने हा किनारा ठरवून वसवला. कांदिलीस या वास्तुशिल्पज्ञाने इथला आराखडा केला. त्यामुळे पूर्वेच्या काठाला चांगले रस्ते, पार्किंग आणि सामान भाड्याने देणाऱ्या शाळा मिळतात. लीदोला तीन ठिकाणी खिंडारं आहेत, त्यांना ग्राऊ म्हणतात. त्यांतून तळ्याचं आणि समुद्राचं पाणी ये-जा करतं. उत्तरेला लुकात गाव, पश्चिमेला फितू आणि साल्स, त्यांच्या मागे कॉर्बिएरचे डोंगर. पश्चिमेचा काठ मुख्यतः बोरूचा (वेतासारखी उंच पाणगवतं) आणि चिखलाचा, रस्ते मोजके. साल्सच्या बाजूला डोंगरातल्या चुनखडीतून गोड्या पाण्याचे दोन मोठे झरे तळ्यात येतात. गंमत म्हणजे या कमरेइतक्या पाण्याच्या शेजारी फाँ एस्त्रामार नावाच्या झऱ्यात पाणबुड्यांनी ३०० मीटरपेक्षाही खोल बुड्या मारल्या आहेत. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की त्या बाजूला पाण्याचा खारेपणा आणि तापमान बदलतं. सर्फिंगला तिकडे जायचं काही कारण नाही.

आता वारा. दोन वारे ओळखा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

पहिला त्रामोंतान. पश्चिम ते वायव्येचा, कोरडा, थंड. पिरेनीज आणि मासिफ सेंट्रल या दोन डोंगररांगांमधल्या फटीतून तो दाबून बाहेर पडतो, म्हणून त्याला एवढा जोर. नारबॉनच्या बाजूला यालाच सेर्स म्हणतात. तो वर्षभर वाहतो, हिवाळ्यात आणि वसंतात सर्वांत जोरात, आणि सुटला की कधी तीन-तीन दिवस थांबत नाही. आकाश लख्ख निळं, दूर कानिगू शिखरावर (२,७८४ मीटर) थाळीसारखे गुळगुळीत ढग थबकलेले दिसले, तर त्रामोंतान आहे किंवा येतोय असं समजा. तो झोताझोतांनी येतो, कारण कॉर्बिएरचे डोंगर अगदी जवळ आहेत. पश्चिम काठाजवळ झोत जास्त तुटक, पूर्वेकडे तळं ओलांडून येईपर्यंत जरा सरळ होतात.

दुसरा मारँ. आग्नेयेचा, समुद्रावरून येणारा, दमट, ढगाळ. झोत कमी, वारा सलग. तुलूझला राहत असाल तर याची चाहूल तुम्हाला घरबसल्या लागते: तुमच्याकडे ओताँ (तिथला आग्नेयेचा वारा) सुटला, खिडक्या वाजायला लागल्या, लोकांची डोकी दुखायला लागली, की डोंगरांमधल्या त्याच फटीच्या समुद्राकडच्या टोकाला मारँ असतो. उलट तुलूझला पाऊस पडून गेला, पश्चिमेचा वारा आला, हवा स्वच्छ झाली, तर लुकातला त्रामोंतान. हा आडाखा हवामानाच्या अंदाजाची जागा घेऊ शकत नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी गाडीत काय टाकायचं ते ठरवायला पुरतो.

उन्हाळ्यात या दोघांपैकी कुणीच नसेल तर दुपारी पूर्व ते आग्नेयेचा खारा वारा सुटतो, साधारण १०-१४ नॉट. तुमच्या आत्ताच्या पातळीला सर्वांत योग्य वारा हाच. अनुभवी मंडळी त्याला नाकं मुरडतात, तुम्ही मुरडू नका.

एक घोळ मात्र नेहमी होतो. उन्हाळ्यात सकाळी त्रामोंतान २० नॉट असतो, लोक सेल (शीड) चढवतात, आणि बाराच्या सुमाराला वारा अचानक मरतो. झालेलं असतं असं की जमीन तापून समुद्रावरून खारा वारा आत यायला लागला आणि तो त्रामोंतानला समोरून भिडला. हा सामना आधी लीदोवर होतो. तुम्ही पूर्व काठावर शिडाला धरून उभे आणि चार किलोमीटरवर फितूच्या बाजूला पाणी अजून पांढरं दिसतंय, असं चित्र दिसलं तर कारण हे. तासभर थांबा, कुणीतरी एक जिंकतो. खारा वारा जिंकला तर दिशा पूर्ण उलटलेली असेल, म्हणजे ज्या काठावरून उतरलात तो आता वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा जिकडून येतो तिकडे). तेव्हा तसंच पाण्यात शिरू नका, पुढचा सगळा विचार नव्याने करा.

अंदाज बघताना मेतेओ-फ्रान्सचं (फ्रेंच हवामान खात्याचं) आरोम मॉडेल बघा. त्याची जाळी १.३ किलोमीटरची आहे, त्यामुळे डोंगरांचा परिणाम त्यात बराच पकडला जातो. जगभराची ढोबळ मॉडेलं इथे त्रामोंतान कमी दाखवतात. सरासरी वारा आणि झोत हे दोन्ही आकडे वाचा. फक्त सरासरी वाचून गेलेला माणूस काठावर बसून बघत राहतो. बातम्यांत वारा ताशी किलोमीटरमध्ये असतो: १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे ‘ताशी ६० चे झोत’ हे ३२ नॉट झाले. तुमच्यासाठी सध्याची मर्यादा सरासरी १८ आणि झोत २५ नॉट. त्याहून जास्त असेल तर शाळेत शिकवणी लावा किंवा काठावर बसून बघा. बघण्यातही पुष्कळ शिकायला मिळतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर मारँसोबत प्रचंड पाऊस आणि विजा येतात. त्या दिवशी वारा कितीही छान असो, कार्बनचा मास्ट हातात धरून सपाट पाण्याच्या मधोमध उभं राहू नये.

काठ निवडायचा तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला काय आहे हे बघून. सामान मोडलं, ताकद संपली, वारा वाढला, तर तुम्ही वाहत जिथे जाल ती जागा आधी ठरवा. त्रामोंतानात तळ्याच्या पूर्व काठावरून उतरलात तर वारा तुम्हाला त्याच काठाकडे ढकलतो. पाणी उथळ, तळ वाळूचा, काही झालं तर चालत बाहेर. तोटा हा की पाच-सहा किलोमीटर मोकळं पाणी ओलांडून लाटा येतात. उथळ पाण्यात त्या लहान पण आखूड आणि उभ्या असतात, ३०-४० सेंटीमीटरच्या, आणि बोर्ड ठकठक आपटत चालतो. गुडघे मऊ ठेवा, पुढचा पाय मास्टपासून फार मागे नेऊ नका. याउलट पश्चिम काठाजवळ पाणी ताटासारखं सपाट मिळतं, म्हणून वेगाचे शौकीन तिकडे जातात. पण तिथे वारा काठावरून बाहेरच्या दिशेला असतो आणि काही बिनसलं तर सगळं तळं ओलांडून पलीकडे लागाल. वॉटरस्टार्ट दहापैकी नऊदा होईपर्यंत तिकडे फिरकू नका.

आणि त्रामोंतानात समुद्रावर, म्हणजे लीदोच्या पलीकडच्या पुळणीवर, अजिबात नाही. काठाशी पाणी सपाट आणि मोहक दिसतं, कारण वारा जमिनीवरून येतोय. पाचशे मीटर बाहेर गेल्यावर खरं रूप कळतं आणि तिथून वाऱ्याच्या खाली फक्त समुद्र आहे. आपल्याकडचे कोळी पूर्वी पहाटे मतलई वाऱ्यावर शीड लावून बाहेर पडत ते दुपारचा खारा वारा परत आणणार याच्या भरवशावर. त्रामोंतान असा परतीचा वारा देत नाही. पुळणीवर नारिंगी विंडसॉक लावलेला दिसला तर तो फुगवायच्या तराफ्यांसाठी धोक्याचा इशारा असतो. नवशिक्या सर्फरनेही तो स्वतःसाठीच आहे असं मानावं.

मारँच्या दिवशी सगळं उलटतं. पूर्व काठ आता वाऱ्याच्या वर. पाणी सपाट मिळेल, वारा सलग असेल, मजा येईल. पण इमारतींच्या आडोशाला वारा तुटतो. आडोसा इमारतीच्या उंचीच्या किमान दहापट लांब जातो, म्हणजे पाच मजली इमारतीमागे दीडशे मीटर भोवरेच भोवरे. त्यामुळे पोर लुकातच्या वस्तीपासून बाजूला, मोकळ्या लीदोवरून उतरा. आणि वाहत गेलात तर पश्चिमेच्या बोरूत आणि चिखलात जाल, जिथून रस्त्यापर्यंत पोचायला नाकी नऊ येतात. म्हणून मारँमध्ये काठापासून तीनशे मीटरच्या आत येरझाऱ्या घाला आणि प्रत्येक फेरीत थोडी उंची कमवा, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या दिशेला सरका. दोन फेऱ्यांनंतर सुरुवातीच्या जागेच्या खालीच सरकत असाल तर सेल चुकलंय किंवा तुम्ही थकलाय; बाहेर या.

पाण्याची पातळी हा असा मुद्दा आहे की बाहेरून येणारे बहुतेक लोक विसरतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरतीच. पण तळ्यातलं पाणी वाऱ्याने सरकतं. त्रामोंतान दोन दिवस वाहिला की तो पाणी आग्नेयेला लोटतो आणि ग्राऊंमधून समुद्रातही काढतो. वायव्येकडचा काठ उघडा पडतो. हवेचा दाब जास्त असला की पातळी आणखी उतरते. मारँ समुद्राचं पाणी आत ढकलतो आणि पातळी चढते. एकाच जागी आठवड्याभरात २०-३० सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. मागच्या रविवारी ज्या वाळूवरून आरामात गेलात, तिथेच या रविवारी फिन रुतेल. तेव्हा दर वेळी सेल चढवण्याआधी बूट घालून पाण्यात चालत जा आणि मांडीच्या मध्यापर्यंत पाणी कुठे येतं ते बघून ठेवा.

मांडीचा मध्यच का? हिशोब करा. ३२ सेंटीमीटरचं फिन. बोर्ड प्लेनिंगमध्ये (वेगात पाण्यावरून घसरत) असताना पाण्यावर उचललेला असतो, पण वेग कमी झाला की शेपूट १०-१२ सेंटीमीटर खाली बसतं. लाटेच्या खळग्यात आणखी १५-२०. बेरीज ५७-६४ सेंटीमीटर, म्हणजे सामान्य उंचीच्या माणसाची मांडी. म्हणूनच बहुतेकांचं फिन सुसाट जाताना लागत नाही, तर काठाजवळ येऊन जाइब करताना (वाऱ्याकडे पाठ करत वळताना) किंवा थांबताना लागतं. बोर्ड खाली बसलेला असतो आणि लक्ष सेलकडे. परतताना काठापासून अजून लांब असतानाच वळा. पाण्याचा रंग हिरव्याचा तपकिरी-पिवळा व्हायला लागला की तीच शेवटची सीमा. त्रामोंतानात सूर्य कलल्यावर पश्चिमेकडे तोंड करून जाताना पाण्यावर चकाकी असते आणि रंग दिसत नाही. तेव्हा काठावरच्या खुणांवर भरवसा ठेवा.

फिन लागलंच तर? फुटस्ट्रॅपमधून (बोर्डवरच्या पायपट्ट्यांतून) पाय सुटले असतील तर बूम (हातात धरायचा आडवा दांडा) सोडू नका. बूम धरून ठेवलात तर शरीर मास्टभोवती फिरतं पण डोकं बोर्डवर आपटत नाही. हार्नेसचा हुक अडकलेला असेल तर गुडघे वाकवून खाली बसायचा प्रयत्न करा. पडायचंच असेल तर आडवे, पाठीवर किंवा कुशीवर, पसरट पडा. पाय खाली करून उडी मारणं ही उथळ पाण्यातली सर्वांत महागडी सवय. तळ कडक वाळूचा असेल तर घोटा जातो, चिखल असेल तर पाय रुतून गुडघा पिळवटतो. डोकं पुढे करून तर कधीच नाही. हेल्मेट घाला, इथे त्याची कुणाला लाज वाटत नाही.

आता सामान. ७८ किलोच्या माणसाला, तुमच्या पातळीला:

१०-१४ नॉट खाऱ्या वाऱ्यात १४० ते १५० लिटरचा रुंद बोर्ड आणि ६.५ चौरस मीटरचं सेल. १५-१८ नॉटला तोच बोर्ड, सेल ५.३ ते ५.७. त्यापुढे २०-२५ नॉटला अनुभवी माणूस १००-११० लिटर आणि ४.७-५.० घेतो, पण ते पुढच्या वर्षी. त्रामोंतानात सेल निवडताना झोत आणि सरासरी यांच्या मधला आकडा धरा, फक्त सरासरी नाही. थोडं लहान सेल आणि थोडा मोठा बोर्ड ही जोडी तुटक वाऱ्यात नेहमी वाचवते: वारा पडला तर बोर्ड तुम्हाला तरंगत ठेवतो, वाढला तर सेल हाताबाहेर जात नाही.

फिनच्या बाबतीत भाड्याच्या दुकानात मिळेल ते घेऊ नका. मागून घ्या ते गवताळ पाण्याचं फिन, जे मागे झुकलेलं असतं, किंवा रुंद बुडाचं आखूड डेल्टा फिन. लांबी २२ ते २८ सेंटीमीटर. तळ्यात पाणगवताची कुरणं आहेत आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तुटलेलं गवत जथ्थ्याने तरंगतं. सरळ फिनला ते गुंडाळलं की बोर्ड मागून कुणी धरून ठेवल्यासारखा जड होतो, आणि मग अचानक फिन पकड सोडून शेपूट बाजूला घसरतं. झुकलेल्या फिनवरून गवत सटकून जातं. पकड जराशी कमी मिळते, मागच्या पायाने जोरात ढकललंत तर घसरेल. दाब दोन्ही पायांवर वाटून द्या. विंगफॉइल (हातात धरायचं पंखासारखं शीड आणि पाण्याखालच्या पंखांवर उचलला जाणारा बोर्ड) घेऊन येणाऱ्यांना एकच गोष्ट: ७५-९० सेंटीमीटरच्या फॉइल-मास्टला किमान सव्वा मीटर पाणी हवं, म्हणजे काठापासून बरंच चालणं आलं.

सेल चढवताना त्रामोंतानात गाडीच्या आडोशाला बसा, मास्टची बाजू वाऱ्याकडे करा. डाउनहॉल (सेल मास्टच्या बुडाकडे ताणणारी दोरी) ओढताना कंजुषी करू नका: वरून दुसऱ्या-तिसऱ्या बॅटनपर्यंत (सेलमधल्या आडव्या पट्टीपर्यंत) सेलची मागची कड सैल, फडफडती दिसली पाहिजे. तेवढी सैल असली की झोत वरच्या वर सांडून जातो आणि तुमच्या हातात येत नाही. कमी ओढलेलं सेल झोतात तुम्हाला पुढे खेचतं; ‘वारा फार आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा डाउनहॉल पाच सेंटीमीटर कमी असतो. आउटहॉल (सेल बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी) ताण न देता असेल त्यापेक्षा ३-४ सेंटीमीटर जास्त. बूम खांद्याइतक्या उंचीवर. हार्नेसच्या दोऱ्या २६ ते २८ इंच. जोडलेलं सामान काठावर सोडून जाऊ नका. झोत ते उचलून दुसऱ्याच्या गाडीवर नेऊन टाकतो. बोर्ड वेगळा, सेल वेगळं, सेलवर वाळूची पिशवी.

फाटकी चप्पल चालणार नाही. शिंपले आणि कालवांचे तुकडे असतात, पातळ तळव्याचे पण बंद बूट घ्या. वेटसूट: नोव्हेंबर ते मार्च ५/४ मिलिमीटर जाडीचा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ४/३, जुलै-ऑगस्ट आखूड. उथळ तळं समुद्रापेक्षा लवकर तापतं आणि लवकर निवतं. उन्हाळ्यात तर मजा बघा, त्रामोंतान समुद्राचं वरचं गरम पाणी दूर लोटतो आणि खालचं थंडगार पाणी किनाऱ्याशी वर येतं. तेव्हा समुद्रात पाय घालवत नाही आणि तळ्यात पाणी कोमट असतं. हिवाळ्यात मात्र उलट, तळं समुद्राहून गार. पुण्यातून आलेल्या माणसाने हिवाळ्याचा नाद पहिल्या वर्षी सोडावा. एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य, आणि मग सप्टेंबर, हे तुमचे महिने.

कुठे जाऊ नये तेही सांगतो. तिन्ही ग्राऊंपासून लांब. त्रामोंतानात पाणी त्यांतून समुद्राकडे ओढतं, वर पूल आणि खाली बोटी. उत्तरेकडच्या ग्राऊपाशी कालवं पिकवणाऱ्यांच्या लाकडी टपऱ्या आहेत. तळ्यात त्यांच्या कालवांच्या मांडण्या खांबांवर बांधलेल्या असतात, काही पाण्याखाली जेमतेम झाकलेल्या. तिथे फिन, सेल आणि कातडी तिन्ही फाटतात, शिवाय ते त्यांचं शेत आहे. खांबांची रांग दिसली की शंभर मीटर अंतर. (टपऱ्यांवर दुपारी ताजी कालवं मिळतात, ती पाण्यातून बाहेर आल्यावर खावीत.) काठावरच्या बोरूत आणि एप्रिल ते जुलै वाळूच्या निर्मनुष्य तुकड्यांवर पक्षी घरटी करतात; तळं नातुरा २००० या युरोपीय संरक्षित जाळ्यात आहे आणि दोऱ्या लावून बंद केलेले भाग खरोखरच बंद आहेत. काइटवाल्यांसाठी (पतंगाच्या ओढीवर सर्फिंग करणाऱ्यांसाठी) आणि विंडसर्फिंगसाठी काही ठिकाणी वेगळे पट्टे आखलेले असतात. पार्किंगच्या तोंडाशी फलक असतो, तो वाचा. काइटच्या वाऱ्याखालच्या बाजूने जायचं टाळा, दोऱ्या २०-२५ मीटर लांब असतात.

पाण्यावरचे नियम गोव्यात शिकलात तेच: उजवा हात मास्टकडे असणाऱ्याला वाट द्या, एकाच दिशेला जाताना वरच्या बाजूच्याने खालच्याला वाट द्यायची, काठावरून निघणाऱ्याला अडवायचं नाही. फ्रान्समध्ये काठापासून ३०० मीटरपलीकडे जायचं तर वेटसूट किंवा ५० न्यूटनचं जॅकेट आणि अंगावर दिसेल असा दिवा लागतो. फोन जलरोधक पिशवीत, हार्नेसमध्ये. समुद्री बचावाचा क्रमांक १९६, बाकी सगळ्यासाठी ११२. अडकलात तर बोर्ड सोडून पोहू नका. सेल आडवं बोर्डवर ओढून घ्या, पोटावर झोपून हाताने वल्हवा, वाऱ्याला आडवं. नाहीच जमलं तर सेल सोडा, पण बोर्ड नाही.

पोचायचं कसं: तुलूझहून ए६१ ने नारबॉन, तिथून ए९ ने पेर्पिन्याँच्या दिशेला, ४० क्रमांकाचा लुकात फाटा. साधारण दोन तास, टोल आहे. फाट्यावरून डी६२७ तुम्हाला लीदोवर उतरवतो आणि तळ्याच्या कडेने दक्षिणेला बारकारेसपर्यंत नेतो. बारकारेसला वाळूत कायमचं रुतवून ठेवलेलं लिडिया जहाज दिसलं (ते १९६७ पासून तिथे आहे) तर तुम्ही फार खाली आलात. किनाऱ्यावरच्या पुष्कळ पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो, राहत्या गाड्या अडवायला. टपावर बोर्ड बांधलेले असतील तर आत शिरण्याआधी उतरून बघा. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा आणि दार उघडताना हाताने धरा. त्रामोंतानात दार बिजागरीसकट वाकतं, आणि भाड्याच्या गाडीवर ते फार महागात जातं.

गाडी नसेल तर नारबॉनला बदलून लुकात-ला फ्राँकी स्टेशनपर्यंत रेल्वे आहे. तळ्याकडे जाणारा हा रूळ दोन्हीकडे पाणी ठेवत जातो, प्रवास छान. पण स्टेशन शाळांपासून काही किलोमीटर लांब, आणि मास्टची पिशवी घेऊन ते जमत नाही, तेव्हा सामान भाड्यानेच. ठरवताना दोन गोष्टी लेखी विचारा: फिन लागून फिनबॉक्स (बोर्डमधली फिन बसवायची खाच) फुटला तर किती अनामत कापतात, आणि वारा जास्त झाला तर तास पुढे ढकलता येतो का. फ्रेंच नौकानयन महासंघाच्या परवान्यात दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा येतो. तुमच्या घराच्या विम्यातही तो असू शकतो, पण जलक्रीडा वगळलेली नाही ना ते कागदात बघून घ्या.

परत देण्याआधी फिन हाताने आडवं हलवून बघा आणि बॉक्सच्या भोवती केसाएवढी भेग आहे का ते बोटाने चाचपा. भेग असेल तर त्याच दिवशी सांगा. तसाच बोर्ड दुसऱ्या दिवशी वापरला तर आतला फोम पाणी पितो, दोन-तीन किलो वजन वाढतं, आणि छोट्या इपॉक्सीच्या ठिगळाचं काम नव्या बोर्डच्या किमतीवर जातं. उन्हात ठेवताना बोर्डवरचा हवेचा स्क्रू अर्धा फिरवून ढिला करा, पाण्यात जाण्याआधी घट्ट. खारं पाणी त्या एवढ्याशा भोकातूनही आत शिरतं.